६०६ धावांचा हिशेब
(गोव्याचा रणजी प्लेट गटातील मोसम, २०२४-२५ : एक अभ्यास)



१४ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन बालदिनी, पर्वरी येथील गोवा क्रिकेट असोसिएशनच्या अकादमी मैदानावर चार दिवसांचा एक रणजी सामना दुसऱ्याच दिवशी संपला. अरुणाचल प्रदेशचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला. अर्जुन तेंडुलकरने २५ धावांत ५ बळी घेतले. त्यानंतर गोव्याने २ बाद ७२७ धावांवर डाव घोषित केला. कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४. या दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ६०६ धावांची भागीदारी केली. अरुणाचलचा दुसरा डाव ९२ धावांत संपला. वजाबाकी करून पाहा : ७२७ मधून ८४ आणि ९२ वजा केले की ५५१ उरतात. गोव्याने एक डाव आणि ५५१ धावांनी विजय मिळविला. रणजी करंडकात डावाने मिळालेला इतका मोठा विजय तोवर कुणी नोंदविला नव्हता.

कोलवाळचा पूल ओलांडला की पर्वरी फारशी लांब नाही. त्यामुळे या सामन्याची चर्चा आपल्या पेडणे तालुक्यातही भरपूर झाली. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा कौतुकाच्या पाठोपाठ एक प्रश्न आलाच : "पण समोर अरुणाचलच होता ना?" प्रश्न रोखठोक आहे आणि आम्हाला तो आवडला. समोरचा संघ दुबळा असेल तर विक्रमाला विक्रम म्हणायचे की नाही? या पाठात आपण त्याचाच विचार करू या. हाताशी वही-पेन्सिल असू द्या, थोडे गणितही करायचे आहे.

प्रथम हा सामना कोणत्या स्पर्धेतला, ते समजून घेऊ. रणजी करंडक १९३४-३५ पासून खेळविला जातो. गोव्याचा संघ त्यात १९८५-८६ साली आला. पूर्वी विभागवार सामने होत. २००२-०३ मध्ये संघांची बळानुसार दोन पायऱ्यांत वाटणी झाली. वरची पायरी एलिट, खालची प्लेट. मधल्या काळात नावे आणि रचना अनेकदा बदलल्या, त्यांच्या तपशिलात शिरत नाही. २०१८-१९ मध्ये ईशान्येकडील सहा राज्ये, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी असे नऊ संघ आले आणि त्यांना घेऊन प्लेट गट पुन्हा बांधला गेला. वरच्या गटात तळाला राहिलेला संघ खाली येतो आणि खालच्या गटात पहिला आलेला वर जातो. आपल्याकडे इयत्तेत नापास होणे म्हणतात तसे काहींना ते वाटते. पण शाळेत एकदा पास झालेली इयत्ता पुन्हा करावी लागत नाही. इथे मात्र वर गेलेल्यालाही दरवर्षी आपली जागा राखावी लागते.

गोव्याने ही शिडी अनेकदा चढून-उतरून पाहिली आहे. २०१८-१९ मध्ये गोवा एलिटमधून खाली आला. २०१९-२० मध्ये प्लेट गटात पहिला आला, आणि त्या वर्षीच्या नियमानुसार थेट उपांत्यपूर्व फेरीत जाऊन पोहोचला. तिथे गुजरातशी गाठ पडली. गुजरातने ८ बाद ६०२ धावा केल्या, गोव्याचे दोन डाव १७३ आणि १६४ मध्ये संपले, आणि ४६४ धावांनी पराभव झाला. प्लेटमध्ये सगळ्यांना हरविलेला संघ वरच्या पायरीवर कसा उघडा पडतो, हे त्या सामन्याने दाखविले. पुढच्या वर्षी कोविडमुळे रणजी स्पर्धाच झाली नाही. त्यानंतर गोवा एलिटमध्ये राहिला. २०२३-२४ मध्ये मात्र एलिटच्या ३२ संघांत तळाच्या दोघांत त्याची गणना झाली आणि मणिपूरबरोबर तो पुन्हा खाली उतरला. म्हणून २०२४-२५ चा मोसम गोव्याला नागालँड, मणिपूर, मिझोराम, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेश या पाच संघांसमवेत खेळावा लागला. दर्शन मिसाळ कर्णधार होता. त्या गटाचे विजेतेपद गोव्याने मिळविले आणि नागालँडसह तो पुन्हा वर गेला.

आता त्या ६०६ कडे वळू. रणजी करंडकातील सर्वांत मोठ्या भागीदारीचा मान एकामागून एक तीन जोड्यांकडे गेला, आणि तिन्ही वेळा समोरचा संघ कसा होता हे पाहण्यासारखे आहे.

पहिली जोडी विजय हजारे आणि गुल महंमद यांची. १९४६-४७ च्या मोसमाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा. गुल महंमद ३१९, हजारे २८८. होळकर म्हणजे सी. के. नायडूंचा संघ, त्या काळातील देशातला एक बलाढ्य संघ. त्याच्याविरुद्ध, आणि तेही अंतिम सामन्यात, केलेल्या या धावांकडे बोट दाखवायला कुणाला जागा नाही. हजारे मूळचे सांगलीचे.

दुसरी जोडी महाराष्ट्राची, स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे. ऑक्टोबर २०१६, मुंबईचे वानखेडे मैदान, समोर दिल्ली. तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ५९४. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव सोडला. दिल्लीने काय केले? ऋषभ पंतने ३०८ धावा काढल्या आणि संघाने ५९० पर्यंत मजल मारली. आघाडी मिळाली ती अवघ्या ४५ धावांची, आणि सामना अनिर्णित राहिला.

तिसरी जोडी बखले आणि कवठणकर. जगातील सर्व प्रथम श्रेणी सामने धरले तर यांच्या पुढे एकच भागीदारी आहे : २००६ साली कोलंबोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संगकारा आणि जयवर्धने यांनी केलेली ६२४ धावांची.

आता गुण पाहा. रणजीत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. विजय डावाने किंवा दहा गडी राखून मिळाला तर आणखी एक, म्हणजे ७. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. म्हणजे गुगळे-बावणे यांच्या ५९४ धावांतून महाराष्ट्राला ३ गुण मिळाले आणि बखले-कवठणकर यांच्या ६०६ धावांतून गोव्याला ७. धावांत फरक १२ चा, गुणांत दुपटीहून अधिक. याचा अर्थ गोव्याची फलंदाजी दुपटीने चांगली होती असा होत नाही. फरक समोरच्या फलंदाजांनी पाडला. दिल्लीने ५९० केल्या, अरुणाचलने दोन डाव मिळून १७६.

गुणांनंतर भागाकार. दोन संघांचे गुण सारखे झाले आणि इतर कसोट्यांनीही निवाडा झाला नाही, तर मंडळाच्या नियमांत 'कोशंट' नावाचा हिशेब असतो. आपण त्याला भागाकारच म्हणू. संघाने मोसमात केलेल्या धावांना गमावलेल्या गड्यांनी भागायचे. दिलेल्या धावांना घेतलेल्या गड्यांनी भागायचे. मग पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. समजा एका संघाने १० गडी गमावून ३०० धावा केल्या आणि १० गडी घेताना २५० दिल्या, तर ३० भागिले २५, उत्तर १.२. उत्तर १ पेक्षा मोठे असले की बरे चालले आहे असे समजावे.

पर्वरीच्या एका सामन्यापुरते हे गणित केले तर? गोवा : ७२७ भागिले २, म्हणजे ३६३.५. अरुणाचल : १७६ भागिले २०, म्हणजे ८.८. आणि ३६३.५ भागिले ८.८, उत्तर ४१.३. हा आकडा पाहून वर्गात हशा पिकला. हसण्यासारखाच आहे. पण हिशेब एका सामन्याचा नसतो, मोसमाचा असतो. उदाहरणासाठी मानू या की एखाद्या संघाने उरलेल्या चार सामन्यांत ६० गडी गमावून १६०० धावा केल्या आणि ८० गडी घेताना १२०० दिल्या. त्याचा भागाकार १.७८ येतो. त्यात पर्वरीसारखा एक सामना मिळविला की धावा २३२७, गडी ६२. दिलेल्या धावा १३७६, घेतलेले गडी १००. नवा भागाकार २.७३. म्हणजे ४१ चा आकडा मोसमात विरघळला की एकापेक्षाही कमी भर टाकतो. सरासरीचा हा गुणधर्म पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा इथे लवकर कळतो, म्हणून मुद्दाम दिला.

याच गणिताने आणखी एक प्रश्न सुटतो, आणि तो थोडा नाजूक आहे. पहिल्या दिवसअखेर गोवा २ बाद ४१४ होता. आघाडी ३३० धावांची झाली होती. तेवढ्यावर डाव घोषित केला असता तरी विजय डावानेच मिळाला असता, कारण अरुणाचलला दुसऱ्या डावात ९२ च धावा करता आल्या. मग दुसऱ्या दिवशी आणखी ३१३ धावा कशासाठी? वरच्या कल्पित मोसमात ७२७ ऐवजी ४१४ घालून पाहा, भागाकार २.३६ येतो. २.३६ आणि २.७३, एवढाच फरक. भागाकारासाठी खेळत राहिलो हे कारण देता येईल, ते अगदी खोटेही नाही. पण बखलेच्या धावा नेमक्या ३०० झाल्या असताना डाव घोषित झाला, यावरून काय ते समजावे. आम्हाला त्यात गैर वाटत नाही. त्रिशतक आयुष्यात एखाद्यालाच लाभते आणि ते समोर दिसत असताना कर्णधाराने थांबणे हे माणुसकीला धरूनच आहे. फक्त ते संघासाठी होते असे म्हणू नये.

समोरच्या संघाविषयीही बोलले पाहिजे, कारण धावफलक वाचताना आपण नेहमी वरची ओळ वाचतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना झाला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठायला ९ धावा हव्या होत्या. काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला आणि विक्रम तिथेच राहिला. ४४३ ही रणजीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आजही निंबाळकरांच्या नावावर आहे. अरुणाचलच्या मुलांनी असे काही केले नाही. ७२७ धावा होईपर्यंत ती मैदानावर पळत राहिली आणि लगेच पुन्हा फलंदाजीला उतरली.

बरे, त्यांच्या वाट्याला हे एकदाच आलेले नाही. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादच्या तन्मय अगरवालने अरुणाचलविरुद्ध १८१ चेंडूंत ३६६ धावा केल्या होत्या. त्यातले त्रिशतक १४७ चेंडूंत पूर्ण झाले, प्रथम श्रेणीतील सर्वांत जलद. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरत येथे मेघालयच्या आकाश चौधरीने सलग आठ षटकार मारून ११ चेंडूंत अर्धशतक ठोकले, तेही अरुणाचलविरुद्ध. तीन जगावेगळे आकडे, तिन्ही वेळा गोलंदाज तेच. तेव्हा वर्गातला प्रश्न चुकीचा नव्हता. या विक्रमांवर अरुणाचलच्या गोलंदाजीची छाया आहेच.

पण थांबा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकाच डावात दोन त्रिशतके होण्याची पर्वरीची वेळ दुसरी होती. पहिली कुठे झाली, ठाऊक आहे? पणजीत. जानेवारी १९८९. तमिळनाडूने ६ बाद ९१२ वर डाव घोषित केला, डब्ल्यू. व्ही. रामन ३१३, अर्जन कृपालसिंग नाबाद ३०२. गोलंदाजी करीत होता गोवा. त्या ९१२ मध्ये ५२ धावा तर दंडाच्या होत्या, षटके वेळेत न टाकल्याबद्दल. म्हणजे फलंदाज मारत होते ते वेगळेच, घड्याळसुद्धा गोव्याविरुद्ध धावा काढीत होते. क्रिकेटच्या सबंध इतिहासातील ही दोन उदाहरणे मांडवीच्या दोन काठांवर घडली. एकदा गोवा मार खात होता, एकदा देत होता.

वर्षे मोजा. १९८५-८६ हा गोव्याचा पहिला मोसम, तेव्हा १९८८-८९ हा चौथा. अरुणाचलचा पहिला मोसम २०१८-१९. मधले न झालेले वर्ष वगळले तर २०२४-२५ हा सहावा. अरुणाचल आज जिथे आहे तिथे गोवा होता, आणि तेव्हा प्लेट गट नव्हता. गोव्याला तमिळनाडू, कर्नाटक, हैदराबाद यांच्याशीच दक्षिण विभागात खेळावे लागत असे. आपल्या बरोबरीच्यांशी खेळण्याची जागा असती तर गोव्याची ती वर्षे कशी गेली असती, असे मनात येते. प्लेट गटाला कमी लेखणाऱ्यांनी हा पणजीचा धावफलक एकदा काढून पाहावा.

खालच्या पायरीतून वरचा करंडक नेता येतो, याचाही दाखला आहे. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात होता. त्या वर्षीच्या नियमानुसार प्लेटमधील वरच्या संघांना बाद फेरीत जाता येई. राजस्थानने अंतिम सामन्यात बडोद्याला मागे टाकून चक्क रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्या प्रवासाच्या सुरुवातीला, जयपूरला, त्यांनी हैदराबादला २१ धावांत गुंडाळले होते. दीपक चहरने पदार्पणातच १० धावांत ८ बळी घेतले. २१ ही रणजीतील नीचांकी धावसंख्या. आणि उच्चांक कुणाचा? याच हैदराबादचा, १९९३-९४ मध्ये आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४. एकाच संघाच्या नावावर दोन्ही टोके.

शिडी सगळीकडे अशीच सरळ असते असे नाही. इंग्लंडमध्ये रग्बी नावाचा, लंबगोल चेंडूचा खेळ लोकप्रिय आहे. तिथेही व्यावसायिक संघांच्या पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या पायरीला तेव्हा चॅम्पियनशिप म्हणत. २०२२ मध्ये लंडनच्या ईलिंग संघाने ती जिंकली. तरीही त्याला वर घेतले नाही, कारण त्यांच्या मैदानात १०,००१ प्रेक्षकांची सोय नव्हती. मैदानावर जिंकून मैदानाच्या आकारावरून अडणे, हे आम्हाला काही पटलेले नाही. गोवा निदान खेळून खाली आला आणि खेळून वर गेला.

त्याच रग्बीतली एक गोष्ट मात्र आपण उचलावी अशी आहे. गटसाखळीत विजयाला गुण असतातच. शिवाय चार किंवा अधिक ट्राय (आपल्या फुटबॉलमधल्या गोलसारखे) करणाऱ्या संघाला एक जादा गुण मिळतो. आणि जो संघ सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरतो, त्यालाही एक गुण मिळतो. २००३ पासून विश्वचषकातही हीच पद्धत आहे. परिणाम असा की हरणारा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत झटतो, कारण वीस गुणांनी हरणे आणि सहा गुणांनी हरणे यांत त्याच्यासाठी खरोखर फरक असतो. रणजीत डावाने जिंकणाऱ्याला बोनस आहे, लढून हरणाऱ्याला विजयाच्या सामन्यातून काहीच नाही. ५५१ धावांनी हरा की एका धावेने, गुण शून्य.

हे आम्ही का सांगत आहोत? भातकापणी झाली की इब्रामपूर-हणखणे भागात शेतांतून आणि सड्यावर टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. वाडा विरुद्ध वाडा, गाव विरुद्ध गाव. मोठ्या गावाचा संघ लहान वाड्याला चार षटकांत गुंडाळतो, आणि तो वाडा पुढच्या वर्षी नावच देत नाही. स्पर्धा लहान होत जाते. म्हणून मुलांनी ठरविलेल्या यंदाच्या वाड्यावाड्यांच्या सामन्यांत दोन बदल करून पाहावेत असे आम्ही सुचवितो. एक, पहिल्या फेरीनंतर संघांची दोन पायऱ्यांत वाटणी करावी आणि खालच्या पायरीलाही वेगळी ढाल ठेवावी. दुसरे, दहा धावांहून कमी फरकाने हरणाऱ्याला एक गुण द्यावा. गुणतक्ता आठवीच्या मुलांनी सांभाळावा, भागाकारासकट.

राहिला गोवा. वर गेल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये एलिट गटातील पहिल्याच सामन्यात पर्वरीला त्याने चंडीगडला डावाने हरविले. अभिनव तेजराणाने पदार्पणात २०५ धावा केल्या. त्या गटात पुढे कर्नाटक, सौराष्ट्र, महाराष्ट्र, पंजाब, केरळ, मध्य प्रदेश असे संघ होते.

स्वाध्यायासाठी तीन प्रश्न. तमिळनाडूच्या ९१२ मधून दंडाच्या धावा वगळून प्रत्येक गड्यामागे किती धावा होतात ते काढा, आणि गोव्याच्या ३६३.५ शी तुलना करा. महाराष्ट्र-दिल्ली सामन्यातील पहिल्या डावांपुरता महाराष्ट्राचा भागाकार काढा. दिल्लीचे दहाही गडी बाद झाले असे धरा. तिसरा प्रश्न आकड्यांचा नाही : तुम्ही अरुणाचलचे कर्णधार असता, आणि पहिल्या दिवसअखेर धावफलकावर २ बाद ४१४ असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर उतरण्यापूर्वी आपल्या गोलंदाजांना काय सांगितले असते, ते पाच-सहा ओळींत लिहा. उत्तरे पुढच्या अंकासाठी वर्गशिक्षकांकडे द्यावीत.